दळणाची चाल

शिरड शहापूर
कार्तिक वद्य, सन १९३९

चिरंजीव भुजंगास उकंडरावाचा आशीर्वाद.

तू वाशीमला आहेस हे गुलाबचंदनं सांगितलं. सरकीच्या सौद्यासाठी तो तिकडं गेला होता. तिथल्या कापसाच्या जिनाच्या फाटकात तू दिसलास, त्यानं हाक मारली, तर मान फिरवून आत गेलास म्हणे. जिवंत आहेस एवढं कळलं. बरं वाटलं. गुलाबचंद परत वाशीमला निघाला आहे, त्याच्याच हाती हा कागद देतो.

श्रावणातली पटकी आता सरली आहे. गावात कोण गेलं, कोण राहिलं, ते तू आलास की सांगेन. तुझ्या वाट्याच्या रानात मीच जवारी पेरली. तुझा पांढऱ्या बैल मला जुमानत न्हाई. दावणीला वळून वळून पाहतो.

तुझी भागा आमच्याकडंच आहे. चार वर्षांचं लेकरू, त्याला काय कळतं. तुझी वहिनी गोजर तिला घेऊन निजते. तू जाणतोस, आमच्या घरात पाळणा कधी बांधला गेला न्हाई. गोजरला लेकराचं करायची सवय न्हाई, पण जीव लावून करते. भागा मजेत आहे. काळजी करू नको.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहितो. आशाबाईला नेलं तेव्हा मी गायलो, कारण गावात कोणीही गेलं तरी मीच गातो. बापानंही हेच केलं. परतताना कोणी तरी म्हणलं, उकंडराव, आज आवाज काय लागला होता! ते तुझ्या कानावर पडलं. तू माझ्या हातातले टाळ हिसकून नाल्यात फेकलेस अन् म्हणलास, "माझी बायको तिकडं जळून राहिली अन् इथं तुझी वाहवा होऊन राहिली. इतकी सालं गातो, तुझ्या गाण्यानं एक तरी माणूस उठला काय रे?" अन् तिथूनच गेलास. घरी लेकराला तोंडसुद्धा न दाखवता.

मी रागावलो न्हाई. तू घरी ये. जास्त काय लिहू.

तुझा भाऊ
उकंडराव


शिरड शहापूर
आषाढ शुद्ध, सन १९४१

चिरंजीव भुजंगास आशीर्वाद.

मागं बरेच कागद धाडले. उत्तर न्हाई. गुलाबचंद म्हणतो, तुझ्या हातात दिले, तू घडी घालून खिशात ठेवले. ठेवलेस एवढंच माझ्या मनाला पुरे वाटतं.

भागा मजेत आहे असं मी लिहीत आलो. ते बराबर न्हाई. आता लपवून फायदा न्हाई, तू बाप आहेस.

नवे टाळ नरसीहून आणून मी खुंटीला टांगले होते. एकादशीला देवळात भजनाला जायचं म्हणून काढायला गेलो की भागा दिसायची न्हाई. पहिल्यांदा वाटलं, खेळायला गेली असेल. मग एकदा गोजरला ती गोठ्यात सापडली, कडब्याच्या मागं, दोन्ही कानांवर हात घेऊन. गोजर म्हणली, "काहून गं, काय झालं?" तर पोरगी विचारते, "मोठे माय, आता कोण मरणार हाय?"

भुजंग, त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. बरोबर तर आहे तिचं. तिच्या माईला नेलं तेव्हा टाळ वाजले अन् माय परत आली न्हाई. पाठोपाठ बाप गेला, तोही आला न्हाई. आपल्या घरात दुसरं गाणं तिनं ऐकलंय कुठं? गोजर गात न्हाई. पाळण्याचं गाणं तिला येत न्हाई, अन् मी गातो ते गावात कोणी गेलं म्हणून. लेकराच्या हिशोबानं भजन माणसं घेऊन जातं.

मी टाळ देवळात नेऊन ठेवले. घरात अभंग गुणगुणायचंही सोडलं. घर एकदम मुकं झालं. गोजर भाकरी थापते तेवढा आवाज.

अन् आता लिहायलाच बसलो तर हेही लिहितो. परवा एक म्हातारा गेला. बोलावणं आलं, गेलो, गायलो. आवाज पहिल्यासारखाच लागतो. लोक डोळे पुसतात. पण गाताना माझ्या मनात चालू होतं, पांढऱ्याला पेंड घातली की न्हाई. आत काही हालत न्हाई. भरल्या विहिरीवर मोट चालावी अन् नुसता चाकाचा आवाज यावा, पाणी येऊच नये, तसं होऊन राहिलं. तू म्हणला होतास ते मनात घोळतं. मी तुला उत्तर द्यायचं ठरवलं होतं. उत्तर सापडलं न्हाई.

ये म्हणून लिहिणार नव्हतो. तरी लिहितो, ये.

उकंडराव


शिरड शहापूर
माघ वद्य, सन १९४३

चिरंजीव भुजंगास आशीर्वाद.

लढाईपायी सगळं महाग झालंय. सरकारला लेव्हीची जवारी घालून आलो. कापड मिळत न्हाई. तुझ्याकडं मिळत असेल तर भागाला एक परकराचं धाड. न्हाई धाडलंस तरी चालेल.

आज मुद्दाम लिहायला बसलो त्याला कारण आहे.

सटवाजी धनगर तुला आठवतो. ओढ्याच्या कडेला त्याचं घर, त्याची मेंढरं आपल्या रानात बसायची. त्याची बायको पंचफुलाबाई. आमच्या जात्याचा खुंटा मोडला म्हणून गोजर दळण घेऊन तिच्याकडं जायला लागली, सोबत भागा. पंचफुलाबाई दळायला बसली की गाते. पहिल्या दिवशी तिनं तोंड उघडलं अन् भागा पळाली. थेट मेंढरात जाऊन बसली. गोजरनं पोरीची भीती तिला सांगितली. पंचफुलाबाई उठली न्हाई, समजूत घातली न्हाई. तशीच गात राहिली. दळण सरलं, पीठ भरलं अन् मोठ्यानं म्हणली, "घ्या, मोजा समदी माणसं. कोन कमी झालं का?"

दुसऱ्या दिवशी भागा दारापर्यंत आली. मग उंबऱ्यावर बसली. असं करत करत एक दिवस खुंट्याला तिचाही हात लागला. हे मला गोजरनं सांगितलं. सांगताना ती हसत होती. तिचं हसू मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

मी पंचफुलाबाईला विचारलं, "तुमी गाता ते कोणासाठी? देवासाठी का?" ती म्हणली, "दादा, देवाला कवा ऐकायला येळ असतो. मुकाट दळलं की जातं जड लागतं. अन् रानात मेंढरामागं दिवसभर माणूस दिसत न्हाई, तवा गायलं की आपलं आपल्याला कळतं, की आपून हाओत."

मी चार माणसांत अभंगाचा अर्थ सांगणारा. पण हा अर्थ मी कधी कोणाला सांगितला न्हवता. मी घरी आलो.

आता खरं कारण. आमच्या जात्याला नवा खुंटा बसवला. काल पहाटे भागा अन् गोजर दळायला बसल्या. मी बाहेर बाजेवर होतो. भागानं तुझं नाव या इतक्या सालांत एकदाही काढलं न्हाई. कोणी विचारलं, तुझा बाप कुठं गं, तर ती दुसऱ्याच गोष्टी बोलते. ती पोरगी जात्यावर गाऊन राहिली. अक्षराला अक्षर लिहितो:

वाशीमच्या वाटेवरी, कापसाच्या गाड्या जाती,
बाप माझा भुजंगबा, कोन्या गाडीत शोधू किती.

ही ओवी कोणी शिकवली न्हाई. मी पंचफुलाबाईला विचारलं, ती न्हाई म्हणली. पोरीनं स्वतः केली. बोलून दाखवता येत न्हाई ते तिला गाता आलं. तोंडानं बापाचं नाव निघालं ते जात्याच्या घरघरीत, म्हणजे कोणाला ऐकू गेलं तरी गेलं न्हाई म्हणता येईल.

मी बाजेवरच पडून राहिलो. आत गेलो असतो तर ती थांबली असती.

आता तुझं तू पाहा.

उकंडराव


शिरड शहापूर
चैत्र, सन १९४६

चिरंजीव भुजंगास आशीर्वाद.

थोडक्यात लिहितो, हात चालत न्हाई. परकराचं कापड मागंच पोचलं. ते चिठ्ठीशिवाय आलं, तरी कोणाचं ते भागाला कळलं. तिनं घडी मोडली न्हाई, पेटीत तळाशी ठेवलं. आता ते तिला आखूड होईल.

गोजरला थोडा खोकला आहे. उन्हाळ्याचा असेल. जास्त काही न्हाई.

मृदंगवाला दगडोबा म्हणतो, भजनी मंडळी परत जमवू. मी म्हणलं, तुमी जमवा. मला आता बसवत न्हाई. माणूस गेलं की जाऊन गातो, तेवढं राहिलंय. पाटलाच्या घरी गायलो अन् मांगवाड्यातही गायलो, दोन्हीकडं माझ्या मनात सारखंच, म्हणजे काहीच न्हाई. दमलोय. झोप घेऊनही जात न्हाई असा शिणवटा.

उकंडराव


शिरड शहापूर
ज्येष्ठ वद्य, सन १९४८

चिरंजीव भुजंगास आशीर्वाद.

हे पत्र कधी पोचेल सांगता येत न्हाई. नाक्यावर झडती असते. गुलाबचंदनं दुकान बंद केलं, बायकामुलं तुमच्याकडं वऱ्हाडात नेऊन ठेवली. रझाकारांच्या भीतीनं अर्धं गाव रिकामं आहे. चार माणसं एका ठिकाणी बसली की पाचवा येऊन विचारतो, काय चाललंय. दगडोबाही सरहद्द ओलांडून गेला. देवळाला कडी.

गोजर गेली.

खोकला म्हणून लिहिलं होतं तो खोकला न्हवता. छातीचं दुखणं होतं. औंढ्याच्या वैद्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. गोजर म्हणली, भुजंग भाऊजीला लिवू नका, भागाच्या काळजीनं त्यांना उगा तकलीफ. म्हणून लिहिलं न्हाई. शेवटी शेवटी भागानंच तिचं सगळं केलं. न्हाऊ घालणं, पेज भरवणं. लेकरानं माईचं करावं तसं.

नेण्याची तयारी झाली. सटवाजी अन् गावात राहिलेले थोडे लोक आले. कोणाचं तोंड उघडेना. टाळ न्हाई, मृदंग न्हाई, अन् आवाज मोठा झाला तर कोण येईल ही धास्ती. सगळे माझ्याकडं पाहून राहिले. इतक्या लोकांना मी गाऊन पोचवलं, आता माझ्या घरचं माणूस होतं. मी तोंड उघडलं. आवाज आला न्हाई. घोगरा न्हाई, बसलेला न्हाई, आलाच न्हाई. मला खांदा द्यायचा होता अन् मी जमिनीवरच बसून होतो. सटवाजी म्हणला, "उकंडराव, उठा." मी उठू शकलो न्हाई. मी मनात म्हणलं, भुजंगनं सांगितलं होतं ते हेच. बास झालं.

गोजर जिथं निजायची ती जागा भागा झाडत होती. झाडता झाडता तिनं सुरू केलं. दारातल्या एका म्हातारीनं तिला दटावलं, "अगं पोरी, ही दळणाची चाल हाय. मौतीला ही म्हणतेत का?" भागा थांबली न्हाई.

पोटी कळ न्हाई आली, तरी माय तूच झाली,
मोठे माय, तुझी जागा पदरानं मी झाडली.

आवाज काही फार चांगला न्हाई तिचा. वरच्या सुरात फाटतो. मी मंडळीत असतो तर मागं बसवलं असतं. पण ती गात राहिली. जात्याची चाल कशी असते, तू जाणतोस. घाई न्हाई, थांबणं न्हाई, खुंटा एका हातातून दुसऱ्या हातात जातो तशी. पंचफुलाबाईनं दुसरी ओळ धरली. मग दारातली तीच म्हातारी. अन् भुजंग, मी उठलो. कसा उठलो ठाऊक न्हाई. खांदा दिला. पोरीच्या चालीवर एक एक पाऊल पडत गेलं. बाया वेशीपर्यंतच येतात, पण तिथून पुढं ती चाल माझ्या अंगात चालूच होती. जाळून परत येईपर्यंत.

सगळे गेल्यावर मी रडलो. आशाबाईला नेलं तेव्हा न्हवतो रडलो. बाप गेला तेव्हा न्हवतो. माझा आवाज लागलाय का, हे मी पाहत असायचो.

तू विचारलं होतंस, गाण्यानं एक तरी माणूस उठला काय. गेलेलं माणूस उठत न्हाई, ते तुझं बराबर. मी उठलो, एवढंच सांगायचं होतं. मी त्या दिवशी गाणारा न्हवतो, ऐकणारा होतो. एवढी हयात गाण्यात गेली अन् ऐकायला असं बसलोच न्हवतो मी कधी.

आता थकलो. हे पत्र सटवाजीचा मेव्हणा मेंढरं घेऊन तिकडं येतोय, त्याच्याजवळ देतो.

उकंडराव


शिरड शहापूर
कार्तिक शुद्ध, सन १९४८

चिरंजीव भुजंगास आशीर्वाद.

फौज आली, निजामाचं राज्य गेलं, तुलाही कळलं असेल. रस्ते मोकळे झाले. गुलाबचंद परत आला, दगडोबा परत आला. देवळाची कडी निघाली. मला पुढं बसवायला लोक आले होते. मी म्हणलं, मागं बसतो. मागून ऐकायला बरं वाटतं. कधी मधी एखादी ओळ तोंडात येते, कधी येत न्हाई.

भागाला जवळा बाजारचं स्थळ आलंय. पोरगं संतराम नावाचं, घरची शेती, थोडी बकरी. सासू होणारी बाई पोरीला पाहायला आली तेव्हा तिनं विचारलं, "काय येतं गं तुला?" भागा म्हणली, "दळता येतं, अन् दळताना गाता येतं." बाई म्हणली, "मग आमचं जातं लई दिवस मुकं हाय बाई." मला ती बाई आवडली. माघात लग्न धरायचं म्हणतात. होकार द्यायचा तर पोरीच्या बापाला विचारायला पाहिजे. मी तिचा चुलता आहे, पण बाप न्हाई.

भागाला विचारलं, बापाला बोलवू का. ती नको म्हणली न्हाई.

आता मी परत परत लिहिणार न्हाई. राग म्हणून न्हाई. वय झालं, ओळ सरळ राहत न्हाई.

उकंडराव


वाशीम
मार्गशीर्ष शुद्ध, सन १९४८

दादास भुजंगचा दंडवत.

लिवायची सवय न्हाई. चुकलं माकलं समजून घे.

तुझे सगळे कागद पोचले. सगळे ठेवलेत. उत्तर काय लिवावं कळत न्हवतं. एक साल गेलं की दुसऱ्या सालाला जास्त लाज वाटते.

इथं जिनात पहिल्यांदा मी कापूस निवडायच्या खात्यात व्हतो. तिथं बाया कापूस निवडता निवडता गात्यात. मला ते सोसेना. मी मुकादमाच्या पाया पडून बॉयलरवर काम मागून घेतलं. तिथं इतका गदारोळ की माणूस कानाशी वरडला तरी ऐकू येत न्हाई. मला तेच पाहिजे व्हतं. या सालांत डावा कान गेला. उजव्यानं येतं.

भागाची ओवी तू धाडली, तवा मी ती वाचली अन् फाटकापातूर आलो. वाट ठाऊक व्हती. गाड्याही चालल्या व्हत्या तिकडं. परत फिरलो. काहून फिरलो, मला सांगता येत न्हाई. लेकरानं विचारलं असतं, इतके दिवस कुठं व्हता, तर काय सांगायचं, हेच मनात.

वहिनीचं वाचलं. ती गेली अन् मी तिला साधं काही बोललो न्हाई. माझी लेक तिनं मोठी केली.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. आशा गेली त्या दिवशी तू वाईट गायला न्हवता. लई चांगला गायला व्हता. तुझा आवाज वर गेला अन् मला पहिल्यांदा कळलं, की ती खरंच गेली. त्याच्या आधी मला ते खरं वाटतच न्हवतं. म्हणून टाळ फेकले. तुझ्यावर राग न्हवता दादा.

वहिनीच्या मौतीचा तुझा कागद आला त्या दिवसापासून मी जेवणाच्या सुट्टीत बॉयलर सोडून निवडायच्या खात्यापाशी जाऊन बसतो. बाया गात्यात. उजवा कान तिकडं करतो. पहिले पहिले उठून यावं वाटायचं. आता बसवतं.

संतरामचं स्थळ चांगलं दिसतं. होकार दे. मला विचारलंस, यातच सगळं आलं.

हिशेब करून रजा घेतलीय. कनेरगावपर्यंत गाडीनं येईन, पुढं चालत. गावात कोणाला सांगू नको, घ्यायला कोणी नको. पहाटेच्या सुमारास पोचेन. भागाचं दळण चालू असलं तर तिला थांबवू नको. मी बाहेर बसतो.

भुजंग